गाठीसाठी आलेली शहाळी

मला वाटलं, पाळी गेली. एक्केचाळिसाव्या वर्षी जाते कुणाकुणाची, माझ्या आईचीही लवकरच गेली होती. तिसरा महिना लागला तरी मी मनातून खूशच होते, चला, एक कटकट सुटली. जानेवारीत आमच्या शेळगावच्या रानात पेरूला पिशव्या घालायचं काम चालू होतं. पेरू लिंबाएवढा झाला की त्याला आधी फोमची जाळी चढवायची आणि वरून पिशवी बांधायची, म्हणजे ऊन लागत नाही आणि माशी डंख करत नाही. या कामात माझा हात धरणारं आमच्या भावकीत कुणी नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. पण त्या दिवशी शंभर फळांतच मला गरगरलं आणि मी दोन झाडांच्या मध्ये फतकल मारून बसले.

उत्कर्षाचे पप्पा मला मोटारसायकलवर बसवून बारामतीला घेऊन गेले. उत्कर्षा ही आमची एकुलती एक मुलगी, वीस वर्षांची, बारामतीतच होस्टेलवर राहून शिकत होती. तिचे पप्पा म्हणजे आमचे मानसिंगराव. त्यांना मी नावानं हाक मारत नाही. रागात असले तर गोष्ट वेगळी.

डॉक्टरबाई फार तर तिशीच्या होत्या. त्यांनी पोटावर ते गारेगार जेल लावलं, मशीन फिरवलं आणि म्हणाल्या, “अभिनंदन.”

“कुणाचं?” मी विचारलं.

“तुमचंच. बारा आठवडे झालेत.”

“अवो, माजी पाळी गेलीय, गरगरतंय म्हणून आलीय.”

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि आवाज मोठा केला. शिवणाचं मशीन भरधाव चालवावं तसा आवाज खोलीभर झाला. मी ऐकत राहिले आणि मला रडू फुटलं. लाजायचं वगैरे मला तिथं सुचलंच नाही. इतका आनंद मला कशाचाच झाला नव्हता, अगदी उत्कर्षाच्या वेळीसुद्धा नाही, कारण तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि मूल होणं ही लग्नानंतर होतेच अशी गोष्ट वाटायची.

बाहेर येऊन मी ह्यांना सांगितलं. ते उठून चालायला लागले. समोर रसवंती होती, तिथं गेले, उसाच्या रसाचे दोन ग्लास आणले, दोन्ही स्वतःच प्यायले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की एक माझ्यासाठी होता. या माणसाला आनंद झाला की तो असाच काहीतरी पीत सुटतो. पुन्हा जाऊन माझ्यासाठी आणला, बर्फ नको म्हणून त्या पोराशी भांडून.

आता मधल्या वर्षांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उत्कर्षा सात वर्षांची असताना मला दिवस गेले होते. आमच्या घरात सातव्या महिन्यात ओटी भरेपर्यंत बाहेर सांगायचं नाही, दृष्ट लागते, असं माझ्या सासूबाईंचं, म्हणजे फुलाबाईंचं म्हणणं. मी ऐकलं. पदर पुढं घेऊन पाच महिने काढले. सहाव्यात बाळ गेलं. मुलगा होता. आणि जे कुणाला सांगितलंच नव्हतं ते गेल्याचं कुणाला सांगणार? कुणी भेटायला आलं नाही, कुणी माझ्याजवळ बसून रडलं नाही. आठ दिवसांनी मी टोमॅटो तोडायला रानात गेले, तर बायका म्हणाल्या, “काय संजीवनी, माहेराला गेल्तीस का?” मी व्हय म्हणाले. त्यानंतर दवाखाने झाले, नवस झाले, मग तेही थांबलं. मी ते दार बंद करून कडी लावून टाकली होती.

म्हणून या वेळी बारामतीहून परत येतानाच मी मनाशी ठरवलं होतं, की हे बाळ लपवायचं नाही. आमच्या मारुतीच्या देवळावर भोंगा आहे. ग्रामपंचायतीचा रतन त्यावरून नळाला पाणी कधी येणार आणि कुणाची माती किती वाजता आहे ते गावाला सांगतो. त्या भोंग्यावरून सांगावं, इतकी माझी तयारी होती.

शनिवारी उत्कर्षा घरी आली. तिचा साखरपुडा डिसेंबरात झाला होता, कोऱ्हाळे बुद्रुकच्या युवराजशी. त्यांचा ऊस, दोन ट्रॅक्टर, घरात माणसांचा राबता, आणि त्या सगळ्यांवर युवराजची आई द्वारकाबाई. या द्वारकाबाईंनी साखरपुड्याला आमच्या आचाऱ्याला बाजूला सारून भाताचं पातेलं स्वतः उतरवलं होतं, यावरून काय ते समजा. लग्न मे महिन्यात धरलं होतं. मी उत्कर्षाला शेजारी बसवून सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं.

“मम्मी, तू मस्करी करतीयस ना?”

“न्हाय गं. जुलैअखेरीला हाय.”

“म्हणजे माझ्या लग्नात तू सात महिन्यांची असणार?” ती उठून उभी राहिली. “युवराजच्या घरी मी काय सांगू? माझ्या मैत्रिणी येणारेत, होस्टेलच्या सगळ्या. लोक नवरीला सोडून तुझ्याकडंच बघत बसतील. तुला जरा तरी...”

पुढचा शब्द तिनं गिळला. लाज हा तो शब्द होता, मला ऐकू आला. मग ती रडायला लागली आणि रडत रडत म्हणाली, “निदान माझं लग्न होईपर्यंत कुणाला सांगू नको. एवढं एकच कर माझ्यासाठी.”

मी तिच्यावर ओरडायला हवं होतं. माझा राग काही कमी नाही, सगळ्या भावकीला ठाऊक आहे. पण ती पोर रडून काही मागायला लागली की मी लोण्यासारखी होते, ही माझी जुनी खोड. मी हो म्हणाले. आणि रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या.

सासूबाई आतून हरखल्या होत्या. मला गुपचूप खारका दुधात उकळून देत होत्या. पण उत्कर्षाचं ऐकून त्याही म्हणाल्या, “पोरीचं बरोबर हाय. लेकीच्या लग्नात आई पोटुशी! लोकं तोंडात शेण घालतील.” मी ढगळ गाऊन घालू लागले, वरून ह्यांचा जुना शर्ट. आम्ही पेरूला पिशवी घालतो तशी मलाच घातली होती.

तरी गाव आंधळं नव्हतं. दर पंधरा दिवसांनी ही बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात का जाते, बागेत का दिसत नाही, शिडीवर का चढत नाही? फेब्रुवारीत एक दिवस सासूबाई गिरणीत दळण घेऊन गेल्या होत्या. तिथं ठमाबाईनं त्यांना गाठलं. ठमाबाई आमच्या बांधाला बांध लावून राहते, तिच्या नजरेतून मांजरसुद्धा सुटत नाही. तिनं सरळ विचारलं, “फुलाबाई, सुनंला काय झालंय?” आणि आमच्या सासूबाई, ज्यांनी सबंध आयुष्यात कधी खोटं बोलायचा सराव केला नव्हता, त्यांच्या तोंडून निघालं, “पोटात गाठ हाय तिच्या.”

रतननं भोंग्यावरून सांगितलं असतं तरी इतक्या लवकर पसरलं नसतं. दळण घरी यायच्या आत बातमी बाजारतळापर्यंत गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जात नाहीत, आणि उन्हाळा तोंडावर आलेला, त्यामुळे जो तो शहाळं घेऊन यायचा. ओसरीवर भिंतीला लागून शहाळ्यांची रांग लागली. बायका माझ्या कॉटच्या कडेला बसायच्या, माझा हात हातात घ्यायच्या आणि डोळ्याला पदर लावायच्या.

“माज्या नणंदेची गाठ काढली तर टरबुजाएवढी निघाली,” कुशाबाई म्हणाली. कुशाबाई म्हणजे ह्यांची चुलती, धीर द्यायला आली की माणसाचा उरलासुरला धीरही घेऊन जाते.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, गेली बिचारी. पर तू काळजी करू नगंस.”

मला हसू दाबायला उशी तोंडावर धरावी लागली. कुशाबाईला वाटलं मी हुंदके देतेय. तिनं घरी जाऊन आणखी दोन शहाळी पाठवली.

बाळाला शहाळ्याचं पाणी चांगलं, म्हणून मी मुकाट पीत होते. पण दिवस जायला लागले तसं हसू सरलं आणि राग आला. माझ्या पोटात चौथ्या महिन्याच्या शेवटाला ते पहिल्यांदा हललं, आणि त्याच वेळी दारात बसलेल्या दोघी गाठ कापायची की जाळायची यावर बोलत होत्या. माझं लेकरू सगळं ऐकत होतं की! जगात यायच्या आधी त्याला गावानं रोगाचं नाव ठेवलं होतं. आणि रोज दिवस मोजताना मला एकच भीती धरायची: मार्चअखेरीला सहावा लागेल. तोच महिना. या खेपेलाही काही झालं तर लोक म्हणतील, बरं झालं, गाठ गेली. पुन्हा मी एकटीच असेन आणि मला रडायलाही जागा नसेल.

हे मी ह्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “तू म्हनशील तवा सांगू. मी तुज्याबरोबर हाय.” आणि उठून ताक प्यायला गेले. मी उत्कर्षाला फोन केला. ती म्हणाली, “मम्मी, दीडच महिना राहिलाय. प्लीज.”

मार्चचा शेवटचा रविवार होता. दुपारी अंगणात गाडी थांबली. आधी युवराज उतरला, मागून त्याचे वडील जोतीरामआबा, आणि सगळ्यांत शेवटी द्वारकाबाई. युवराजच्या खांद्यावर शहाळ्यांचा अख्खा घड होता. उत्कर्षा घरीच होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला. गाठीची बातमी कोऱ्हाळ्यापर्यंत पोचली होती आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

पुरुष ओसरीवर बसले. द्वारकाबाई थेट आत माझ्या खोलीत आल्या आणि दार ढकलून घेतलं. खोलीत आम्ही चौघी: मी कॉटवर, सासूबाई खाली चटईवर, उत्कर्षा खिडकीपाशी, आणि मधोमध द्वारकाबाई. त्यांचे डोळे सुजलेले होते.

“इनबाई,” त्या म्हणाल्या, “आमच्याशी परकेपना करायचा व्हय? आठ दिस झालं मला कळून. नीट झोप न्हाय मला. तुमी कळवलं न्हाय, मला लोकांकडनं कळलं.”

मी उत्कर्षाकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती.

“आमी ठरवलंय,” द्वारकाबाई पुढं बोलत राहिल्या, “मे महिन्याची वाट बघायची न्हाय. येत्या पंधरवड्यात देवळात चार मान्सांत लगीन लावू. तुमच्या डोळ्यांदेखत झालं म्हंजे बास. मांडव नगं, बँड नगं. आन् हे बघा.” त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेली वाटी काढली. “सुप्याच्या पल्याड एक म्हातारी हाय, ती गाठीवर लेप देती. उन्हात दोन तास बसून आणलाय. जरा आग हुती, पर सोसायचं. वर करा कपडा, मी लावते.”

वाटीतल्या लेपाचा उग्र वास खोलीभर सुटला. कातडी भाजणारा बिब्बा होता त्यात, मला वासावरूनच कळलं. द्वारकाबाईंनी दोन बोटं लेपात बुडवली आणि त्या माझ्या जवळ सरकल्या. उत्कर्षा मान वर करून माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे मला एवढंच सांगत होते, बोलू नको. मी उठून बाहेर जाऊ शकले असते. मळमळतंय म्हणू शकले असते. अजून दीड महिना रेटणं काही अवघड नव्हतं.

पण त्या लेपाची बोटं माझ्या पोटाकडे येताना पाहिली आणि माझं डोकं फिरलं. मी द्वारकाबाईंचं मनगट पकडलं.

“थांबा इनबाई. गाठ न्हाय ती.”

“मग?”

मी त्यांचा दुसरा हात घेतला, कोरडा होता तो, आणि माझ्या पोटावर ठेवला. त्या काही बोलायला गेल्या आणि थांबल्या. माझ्या लेकरानं ती वेळ बरोबर साधली. असं काही लाथाडलं की मलाच ‘आई गं’ झालं.

द्वारकाबाईंनी हात काढला नाही. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे.

“फुलाबाई,” त्या म्हणाल्या, “गाठ लाथ मारती व्हय?”

सासूबाई छताच्या पंख्याकडे बघायला लागल्या. पंखा बंद होता.

“कितवा?” द्वारकाबाईंनी मला विचारलं.

“सहावा लागलाय.”

“आन् गाठ कुनी म्हनलं?”

सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला. मग मीच सुरू झाले. मला वाटलं होतं मी माफी मागेन, पण तोंडातून दुसरंच बाहेर आलं. “इनबाई, तुमाला लगीन मोडायचं आसंल तर मोडा. पोरीच्या पाया पडून मी तिची माफी मागीन. पर माजं लेकरू आता मी लपवनार न्हाय. मागं एक लपवलं हुतं. सहाव्यात गेलं. कुनाला कळलंबी न्हाय की ते आलं हुतं. गाठीला सतरा शहाळी आली बघा, अजून भिंतीला रांग हाय, आन् त्या लेकरासाठी कुनी तांब्याभर पानी घेऊन आलं न्हाय. ह्याच्या वाट्याला मी तसं येऊ देनार न्हाय. झालं माजं बोलून.”

आणि मग खिडकीपासून आवाज आला.

“मी सांगितलं होतं.” उत्कर्षा पुढं आली. तिचा आवाज चिरकत होता. “मम्मीला आधीपासून सांगायचंच होतं. मीच तिला गप्प बसवलं. मला लाज वाटत होती. आज्जी गाठ म्हणाली ते माझ्यामुळं. तुमी मला बोला, तिला नका बोलू.” मग ती माझ्याकडे वळली. “मम्मी, ते बाळ... सहाव्यातच गेलं होतं? मला माहीतच नव्हतं. मला म्हणाली होतीस तू, मामाकडं गेली होतीस म्हणून.”

खरंच, तिलाही आम्ही सांगितलं नव्हतं. सात वर्षांची होती ती. ती माझ्या कुशीत शिरली आणि मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. दोन महिन्यांत तिनं मला शिवलं नव्हतं.

द्वारकाबाई उठल्या. लेपाची वाटी त्यांनी फडक्यात गुंडाळली, खिडकीतून बाहेर भिरकावली आणि खोलीबाहेर गेल्या. ओसरीवरून त्यांचा आवाज आला, “युवराज, गाडीची किल्ली दे.” गाडीचं दार उघडल्याचं ऐकू आलं. संपलं, मला वाटलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. उत्कर्षानं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, “जाऊ दे मम्मी. मोडलं तर मोडलं.” ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

गाडीचं दार पुन्हा लागलं आणि द्वारकाबाई आत आल्या. हातात नारळ होता, शेंडीचा, सोललेला.

“तुमची गाठ बरी व्हावी म्हनून जाताना वाटंत मारुतीला फोडायचा हुता,” त्या म्हणाल्या. “देवाला दुसरा देऊ. शहाळ्यानं ओटी भरत न्हाईत. फुलाबाई, पंख्याकडं काय बघताय, गहू आना, हळदकुंकू आना.”

“सातव्यात भरत्यात ओटी,” सासूबाई पुटपुटल्या.

“सातव्याची वाट बघून काय झालं ते आत्ता ऐकलं न्हाय का?” द्वारकाबाईंनी पिशवी उलटीपालटी करून एक खण काढला. कुणाच्या तरी लग्नात आलेला, चार घरं फिरून आलेला, अजून त्याला दुसऱ्याच कुणाच्या नावाची चिठ्ठी होती. त्यांनी ती चिठ्ठी फाडली. “आमच्याशी खोटं बोलल्याचं मी इसरनार न्हाय, ते लगीन झाल्यावर तुमच्या लेकीकडनं वसूल करीन. पर माज्या घरी काय सांगनार म्हनून घाबरला व्हय तुमी? अगं, माजा धाकटा भाऊ माज्या थोरल्या लेकीपेक्षा तीन म्हयन्यांनी ल्हान हाय. माजी आई आन् मी एकाच खोलीत बाळंत. मामा भाचीला ताई म्हनत वाढलाय. ऊठ पोरी, पाटावर बस.”

इनबाईवरून मी पोरी झाले होते. मी पाटावर बसले. वीस वर्षांनी माझ्या पदरात नारळ पडला, गहू पडले, तो फिरता खण पडला, आणि द्वारकाबाईंनी माझ्या कपाळाला इतकं कुंकू लावलं की नाकावर सांडलं. मी धाय मोकलून रडले. दार उघडंच होतं आणि ठमाबाई अंगणात शहाळं घेऊन उभी होती. द्वारकाबाईंनी तिला हाक मारून आत घेतलं आणि म्हणाल्या, “ते खाली ठेवा आन् हळदकुंकू लावा.” ठमाबाईचा आ वासलेला होता. शहाळं मात्र तिनं खाली ठेवलं नाही, मुकाट परत घेऊन गेली आणि अर्ध्या तासानं नारळ घेऊन आली.

गाव हसलं, नाही असं नाही. पारावरचं कुणीतरी ह्यांना म्हणालं, “मानसिंगराव, खोडवा चांगला फुटलाय म्हनायचा.” खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा येणारं पीक. त्यावर हे म्हणाले, “रान कसदार हाय,” आणि सगळ्यांना चहा पाजला. सहावा महिना मी दिवस मोजत काढला. तो संपला त्या दिवशी उत्कर्षा होस्टेलवरून मुद्दाम घरी आली आणि माझ्याशेजारी झोपली.

मे महिन्यात लग्न झालं, मांडव घालून, बँड लावून. कन्यादानाच्या वेळी कुशाबाई पुढं झाली. “पोटुशी बाई कन्यादानाला बसत नसती,” तिनं मोठ्यानं सांगितलं. भटजी घुटमळले. पलीकडून द्वारकाबाईंचा आवाज आला, “घेणार आमी हाय. आमाला चालतंय. तुमी मंत्र म्हना.” भटजींनी मंत्र म्हटले. होस्टेलच्या मैत्रिणी माझ्याबरोबर फोटो काढायला रांगेत उभ्या होत्या, आणि उत्कर्षा त्यांना ढकलून सांगत होती, “हळू, धक्का लावू नका गं मम्मीला.”

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बारामतीलाच माझं सिझर झालं. सकाळी अकरा वाजता. मुलगी. डॉक्टरबाईंनी मला तोंड दाखवलं, लालबुंद, मुठी आवळलेली, भांडायला तयार. माझ्यावर गेली होती. बाहेर आणल्यावर तिला पहिल्यांदा घेतलं उत्कर्षानं. ती कोऱ्हाळ्याहून पहाटेच येऊन दारात बसली होती.

दुपारी मला खोलीत आणलं तेव्हा सासूबाईंचा फोन आला. त्या घरीच होत्या. “काय झालं?”

“मुलगी,” उत्कर्षानं सांगितलं.

“बाळंतीण बरी हाय का?”

“बरी हाय.”

“मग बास. आता गिरणीत इचारतील गं मला. काय सांगू?”

“आज्जी,” उत्कर्षा म्हणाली, “तू काहीच सांगू नको. ह्या वेळी मी सांगते.”

तिनं फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला. “रतनकाका, देवळापाशी हाय का? माईक चालू करा आन् फोन त्याच्याजवळ धरा.” मला कळेना ही काय करतेय. मग तिनं घसा खाकरला आणि रतनच्याच सुरात सुरुवात केली.

“शेळगावच्या सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येते, की माझी आई संजीवनी मानसिंग हिला आज सकाळी अकरा वाजता मुलगी झाली आहे. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. गाठ नव्हती, माझी बहीण होती. ज्यांनी ज्यांनी शहाळी आणली होती त्यांनी बारशाला नक्की यायचं आहे. मी उत्कर्षा, तिची मोठी बहीण बोलतेय.”

हे खोलीच्या दारात उभे होते, हातात चहाचा कप, आणि प्यायचं विसरले होते. मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं ते.

उत्कर्षानं फोन खाली केला नाही. ती वाकली आणि तो माझ्या कुशीतल्या बाळाच्या तोंडाशी धरला. बाळ आधी नुसतंच चुळबुळलं. मग तिनं तोंड उघडलं आणि जो टाहो फोडला, तो सगळाच्या सगळा फोनमधून शेळगावच्या भोंग्यावर गेला. पेरूच्या बागेत पिशव्या बांधणाऱ्या बायकांनी ऐकला, गिरणीत ऐकला, अंगणात उभ्या राहून सासूबाईंनी ऐकला. त्या मला नंतर म्हणाल्या, की बायकांनी हातातलं काम टाकलं होतं आणि त्या नुसत्या भोंग्याकडं बघत होत्या.

उत्कर्षाला फोन बंद करायचा होता. मी म्हणाले, “ऱ्हाऊ दे. रडू दे तिला.”